कोपनहेगनचा सोनार : गेऑर्ग येन्सेन

महाराष्ट्रात सोनारांची घराणी शेकडो झाली. परंतु नावाने ठाऊक असलेला सोनार कोण, असे कोणी विचारल्यास बहुतेकांच्या तोंडी एकच नाव येईल, आणि ते म्हणजे पंढरपूरच्या नरहरी सोनाराचे. विठ्ठलासाठी घडविलेला कमरेचा दागिना एकदा आखूड व्हावा आणि दुसऱ्यांदा लांब व्हावा, ही त्याची कथा घरोघर सांगितली जाते. तथापि नरहरी लोकांच्या ध्यानी राहिला तो आपल्या भक्तीमुळे व अभंगांमुळे. त्याच्या हातची घडण कशी होती, कोणत्या कामात त्याचा हात विशेष चाले, हे कोणी सांगत नाही व कोणी विचारीतही नाही. ठुशीचे मणी एकमेकांस इतके लगटून प्रथम कोणी ओविले? बकुळीचे एवढेसे फूल सोन्यात उतरवावे ही कल्पना कोणाची? कोल्हापुरी साजातील मासा, कासव व नाग यांच्या जागा कोणी ठरविल्या? हे दागिने आजही लग्नकार्यात मोठ्या हौसेने घातले जातात. त्यांच्या कर्त्यांचा मात्र मागमूस राहिलेला नाही.

याचे एक कारण उघड आहे. आपल्याकडे दागिना हा जसा अंगावरचा शृंगार, तसाच तो अडीअडचणीचा ठेवाही असतो. तो तोळ्यामाशांवर तोलला जातो. सोन्याचा भाव बाजार ठरवितो, आणि सोनाराच्या वाट्यास येते ती घडणावळ. मुलीचे लग्न निघाले, पीक बुडाले, मुलाच्या शिक्षणाचा खर्च आला, की जुना दागिना मोडीत निघतो. सोने राहते आणि घडण नाहीशी होते. जेथे कृतीच मुशीत वितळून जाते, तेथे कर्त्याचे नाव कशावर टिकावे?

हा हिशेब उलटा करून दाखविणारा एक सोनार युरोपातील डेन्मार्क या चिमुकल्या देशात होऊन गेला. त्याने सोन्यापेक्षा चांदीच अधिक वापरली, महागड्या हिऱ्यामाणकांच्या मागे तो लागला नाही, आणि तरीही त्याच्या घडणावळीसाठी लोकांनी धातूच्या मोलाच्या कितीतरी पट किंमत आनंदाने मोजली. त्याचे नाव गेऑर्ग येन्सेन. इंग्रजी वळणाने त्यास जॉर्ज जेन्सन असेही म्हणतात. त्याचे नाव जगभर झाले; परंतु या नावाची कथा वाटते तितकी सरळ नाही.

येन्सेनचा जन्म ३१ ऑगस्ट १८६६ रोजी कोपनहेगनच्या उत्तरेस रॉडवाड या खेड्यात झाला. हे खेडे मोठ्या विलक्षण ठिकाणी वसलेले होते. भोवताली बीच वृक्षांचे दाट वन, त्यात हरणांचे कळप, जवळून वाहणारी लहानशी नदी, आणि त्या नदीच्या पाण्यावर चालणारा सुऱ्याचाकूंचा कारखाना. भीमाकाठचे राजगुरुनगर, म्हणजे पूर्वीचे खेड, आणि शेजारचे चाकण येथील लोकांस हे दृश्य समजावून सांगावयास नको. एका अंगास कांद्याचे शेत आणि दुसऱ्या अंगास मोटारींचा कारखाना, सकाळी पाखरांच्या किलबिलाटाबरोबरच पाळीवर जाणाऱ्या कामगारांची वर्दळ, हे त्यांच्या रोजच्या पाहण्यातले आहे. अशा गावची मुले दोन जगांत एकदमच वाढतात. गेऑर्गचा बाप त्या कारखान्यात पाती घासण्याचे काम करी. म्हणजे धातू, सहाण, आग आणि घाम ही एका बाजूस व पानाफुलांनी भरलेले रान ही दुसऱ्या बाजूस, अशी त्या मुलाची पहिली शाळा होती. पुढे त्याच्या चांदीत जी कळ्यांची, बोंडांची व द्राक्षघोसांची गर्दी दिसते, तिचे मूळ या रानात आहे असे त्याचे चरित्रकार सांगतात, आणि ते पटण्यासारखे आहे.

मुलाचे हात चांगले आहेत हे घरच्यांनी ओळखले. १८८० साली, म्हणजे त्याच्या चौदाव्या वर्षी, तो कोपनहेगनमध्ये एका सोनाराकडे उमेदवार म्हणून राहिला. चार वर्षे उमेदवारी करून १८८४ मध्ये तो धंद्यात तयार झाला. फुंकणी, चिमटा, कानस, डाक लावणे, तार ओढणे, पत्रा ठोकणे, हे सर्व त्यास आता येत होते. आपल्याकडे असा मुलगा त्याच दुकानात पुढे बसता आणि जन्मभर बसून राहता. येन्सेनच्या मनात मात्र निराळेच होते. त्यास शिल्पकार व्हावयाचे होते.

ही हाव एकट्या येन्सेनची नव्हती. बेर्टेल थोरवाल्डसेन नावाचा एका लाकूड कोरणाऱ्या कारागिराचा मुलगा संगमरवराच्या बळावर सर्व युरोपात मान्यता पावला होता. १८४४ साली तो वारला. त्याच्या कृतींसाठी कोपनहेगनच्या मध्यभागी एक स्वतंत्र संग्रहालय १८४८ साली उघडण्यात आले. त्या संग्रहालयावरून जाणाऱ्या प्रत्येक गरीब व हुशार मुलास आपणही असेच का होऊ नये, असे वाटत असल्यास नवल नाही. येन्सेनने चित्रकला शिकून १८८७ साली राजाश्रयाने चाललेल्या कला अकादमीत प्रवेश मिळविला आणि १८९२ मध्ये तेथील शिक्षण पुरे केले. कारागिराचा कलावंत झाला. निदान प्रमाणपत्रावर तरी झाला.

येथून पुढची दहा वर्षे हा त्याच्या आयुष्यातील सर्वांत खडतर काळ होय. शिल्पकाराजवळ कला असून भागत नाही. त्यास मोठी जागा लागते, दगड लागतो, काशाचे ओतकाम लागते, आणि हे सारे झाल्यावर मूर्ती विकत घेणारा श्रीमंत लागतो. येन्सेनने पुतळे केले, ते प्रदर्शनांत मांडले गेले, त्यांची वाहवाही झाली. पण वाहवा शिजवून खाता येत नाही. १८९१ साली त्याचे लग्न झाले होते. १८९७ साली त्याची पत्नी वारली आणि तीस वर्षांचा हा पुरुष दोन लहान मुलांसह मागे राहिला.

पोट भरण्यासाठी त्याने मातीत हात घातला. योआकिम पेटरसन या मित्राच्या भागीदारीत त्याने लहानशी भट्टी घालून भांडी करावयास आरंभ केला. त्यांतील एका रांजणाच्या काठावर बिलगलेली तरुणी होती. हे भांडे पुष्कळ वाखाणले गेले व १९०० सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात या जोडीच्या कामाची प्रशंसापूर्वक नोंदही झाली. संसार मात्र त्यावर चालेना. याच सुमारास अकादमीची प्रवासवृत्ती मिळून तो फ्रान्स व इटली हिंडून आला. हा प्रवास त्यास फार उपयोगी पडला असावा. कारण त्या वेळी युरोपात कलावंत व कारागीर यांच्यामधील भिंत ठिकठिकाणी ढासळू लागली होती.

या भिंतीविषयी थोडे सांगितले पाहिजे. यंत्रे आल्यापासून युरोपातील बाजार एकाच साच्याच्या स्वस्त व बेढब मालाने भरून गेला होता. इंग्लंडात विल्यम मॉरिसने याविरुद्ध मोठी ओरड केली. घरातील खुर्ची, पडदा, पेला यांतही कला असली पाहिजे व ती हाताने आली पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. त्याच्या मागून ॲशबी नावाच्या गृहस्थाने १८८८ साली लंडनच्या गरीब वस्तीत कारागिरांचा संघ काढून चांदीचे काम सुरू केले. या वाऱ्याची झुळूक आपल्याकडेही आली होती. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेस जोडून १८९१ साली रे आर्ट वर्कशॉप्स या नावाने कारागिरीच्या कर्मशाळा उघडल्या गेल्या त्या याच विचाराने. आनंद कुमारस्वामी यांनी हिंदी कारागिरावर १९०९ साली लंडनमध्ये जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यास प्रस्तावना लिहिली ती याच ॲशबीने. आपला गावगाड्यातील निनावी कारागीर त्या मंडळींस आदर्श वाटे. नावाचा लोभ नाही, बाजाराची घाई नाही, बापाची विद्या मुलाकडे, असे त्याचे चित्र रंगविले जाई. हे वाचावयास गोड आहे. परंतु त्या निनावीपणात कारागिराची घडणावळ किती घासाघाशीने दिली जात असे, हे लंडनमध्ये बसून दिसण्यासारखे नव्हते.

येन्सेन या विचारांच्या लोकांत शिरला तो पुस्तके वाचून नव्हे, तर नोकरी शोधत. मोगेन्स बालिन नावाच्या एका चित्रकाराने कोपनहेगनमध्ये कथील, पितळ व कासे यांच्या शोभिवंत वस्तूंची कर्मशाळा काढली होती. तेथे १९०१ साली येन्सेन कामास लागला. वीस वर्षांपूर्वी शिकून टाकून दिलेली विद्या आता पुन्हा बाहेर निघाली. त्यापूर्वीच, १८९९ साली, त्याने आदम व ईव्ह यांच्या आकृती असलेला कमरपट्ट्याचा एक चाप चांदीत घडविला होता. नरहरी सोनाराची कीर्ती कमरेच्या दागिन्याच्या कथेशी बांधलेली आहे. येन्सेनचे चांदीतील पहिले नाव घेण्यासारखे कामही कमरेचेच निघावे, ही गंमतीची गोष्ट आहे. त्या चापात शिल्पकार व सोनार हे दोघे प्रथमच एका जागी बसलेले दिसतात.

१९ एप्रिल १९०४ रोजी कोपनहेगनमधील ब्रेडगाडे या रस्त्यावर ३६ क्रमांकाच्या घरात त्याने स्वतःचे दुकान मांडले. त्या वेळी त्याचे वय सदतीस होते. जागा बेताची, भांडवल जवळजवळ नाहीच. मोठी भांडी करण्याइतकी चांदी घेण्याची ऐपत नसल्यामुळे प्रथम लहान दागिने करावयाचे ठरले: पदराला लावण्याजोग्या पिना, कंठ्या, केसांतील कंगवे, कमरपट्ट्यांचे चाप. गरिबीने घातलेली ही मर्यादाच त्याच्या कामी आली.

त्या काळी युरोपातील श्रीमंत बायकांचा दागिना म्हणजे हिरे. आणि हिरे जितके मोठे तितका दागिना चांगला. धातू नुसता हिऱ्यांना धरून ठेवावयास. येन्सेनला हिरे परवडण्याजोगे नव्हते आणि त्याच्या गिऱ्हाइकांनाही नव्हते. ही गिऱ्हाइके म्हणजे डॉक्टर, शिक्षक, प्राध्यापक, लेखक अशा घरांतील स्त्रिया. सुशिक्षित, चांगल्या अभिरुचीच्या, पण हात आखडून खर्च करणाऱ्या. त्यांच्यासाठी त्याने चांदी घेतली व तिच्यात समुद्रकाठी सापडणारा तृणमणी, म्हणजे अंबर, बसविला. चंद्रकांत, पोवळे, ओपल, हिरवा मॅलाकाइट, निळा राजावर्त असे अल्पमोली खडे बसविले. हे खडे पैलू न पाडता गोल घुमटाकार घासून घेतलेले असत, त्यामुळे ते जडविलेले न वाटता पानाआडून डोकावणाऱ्या फळासारखे वाटत. पिनेवर एखादे कबूतर, भोवती पालवी, खाली लोंबणारे दोन थेंब. वजनावर तोलू गेल्यास त्यात फारसे काही नव्हते. पण ती पिन मोडून चांदीचे पैसे करावेत असा विचार कोणाच्या मनात येत नसे. कारण तिचे मोल चांदीत नव्हतेच. आपल्या सराफाच्या काट्यावर जी गोष्ट कधी उतरत नाही, तिचीच येन्सेनने किंमत लावली.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयाची. सुरुवातीच्या काळात त्याच्या चांदीत हजारात ८२६ किंवा ८३० भाग शुद्ध असत. डेन्मार्कात ती चालीची चांदी होती. पुढे परदेशचा व्यापार वाढल्यावर ९२५ भागांची चांदी प्रचारात आली. पुण्याच्या एखाद्या जुन्या सराफाने त्या पहिल्या पिना कसास लावल्या असत्या तर त्याने नाक मुरडले असते. आणि आज संग्रहालये जपतात त्या नेमक्या त्याच पिना!

दागिन्यांचा जम बसताच येन्सेन भांड्यांकडे वळला. १९०५ साली त्याने केलेली फुलकळीची चहादाणी प्रसिद्ध आहे. तिचा घाट एखाद्या पिकल्या फळासारखा भरीव, बुंध्याशी पाय फुटल्यासारखे, आणि झाकणावर उमलू पाहणारी मॅग्नोलियाची कळी. अशी वस्तू होते कशी, हे सांगितल्यावाचून तिचे महत्त्व कळणार नाही. चांदीचा सपाट पत्रा घ्यावयाचा व तो ऐरणीच्या गोल टोकावर ठेवून हातोडीने ठोकत ठोकत वर उचलावयाचा. ठोकल्याने चांदी कठीण होते, तडकू पाहते. म्हणून ती पुन्हा तापवून मऊ करावयाची आणि पुन्हा ठोकावयाची. असे कितीदा तरी. भांड्याचे पोट तयार झाले की मूठ, तोटी, पाय व झाकणावरील फूल ही वेगळी घडवून डाक लावून जोडावयाची. यंत्राने दाबून काढलेल्या भांड्याचा पृष्ठभाग आरशासारखा असतो. येन्सेनने हातोडीच्या फार बारीक खुणा मुद्दाम राहू दिल्या, त्यामुळे उजेड त्यावर चमकत नाही, तर पसरतो. शेवटी भांडे गंधकाच्या द्रावाने काळवून मग वरून पुसावयाचे. उंच भाग उजळतात, खोलगट भागांत काळसर छाया राहते आणि पानांचे व कळ्यांचे आकार उठून दिसतात. आपल्याकडील गृहिणी चांदीची उपकरणी रांगोळीने घासून लख्ख करते, आणि देवापुढच्या निरांजनास ते शोभतेही. येन्सेनच्या भांड्यास मात्र अशी घासणी म्हणजे शिक्षाच. त्याची छायाच निघून जाते. चांदीच्या तेजाला तो चांदण्याची उपमा देत असे. मराठी माणसाला ही उपमा ऐकून आश्चर्य वाटणार नाही, कारण आपल्या भाषेने हे दोन शब्द शेजारी शेजारीच ठेवले आहेत.

डेन्मार्कात या नव्या वळणास स्कोनविर्के म्हणजे ‘सुंदर काम’ असे साधे नाव पडले. नाव साधे असले तरी त्यातील ‘काम’ हा शब्द महत्त्वाचा. अकादमीच्या दृष्टीने शिल्प ही कला आणि चहादाणी हे काम. येन्सेनने कामातच शिल्प ओतले.

त्याच्या यशात दुसऱ्या एका माणसाचा मोठा वाटा आहे. योहान रोडे हा चित्रकार येन्सेनहून दहा वर्षांनी वडील. स्वतःच्या घरासाठी त्याने काही चांदीची भांडी कागदावर रेखिली व ती घडविण्यास येन्सेनकडे दिली. त्यातून दोघांचा जो संबंध जुळला तो जन्मभर टिकला. येन्सेनचे मन पानाफुलांत रमणारे, भरगच्च. रोडेचे मन संयमी, रेषेवर भर देणारे. १९१५ साली रोडेने रेखलेले, दांड्याच्या टोकाशी ओकवृक्षाचे फळ असलेले चमचे व काटे त्या कारखान्याचा सर्वांत खपाऊ माल ठरले. १९२० साली त्याने एका सुरईचे चित्र काढले. तिच्यावर एकही फूल नव्हते. नुसती वाहती बाह्यरेषा. ती इतकी नवी वाटली की गिऱ्हाईक भिऊन जाईल म्हणून चार-पाच वर्षे ती बाजारात आणलीच नाही. १९२५ मध्ये ती निघाली, आणि आज तिच्याकडे पाहिल्यास ती शंभर वर्षांची आहे हे खरे वाटत नाही.

रोडेचे नाव येन्सेनने झाकून ठेवले नाही, ही गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. धनी नाव कमावतो व रेखणारा अंधारात राहतो, हा सर्वत्रचा शिरस्ता. येन्सेनच्या दुकानात अमुक वस्तू रोडेची, तमुक वस्तू नील्सेनची, हे सांगण्याची पद्धत पडली. हा हाराल्ड नील्सेन म्हणजे येन्सेनच्या तिसऱ्या पत्नीचा भाऊ. १९०९ साली सतरा वर्षांचा असताना तो कर्मशाळेत आला आणि पुढे १९२६ साली त्याने केलेल्या ‘पिरॅमिड’ या चमच्यांच्या संचाने नव्या काळाची साधी, कोनदार चव कारखान्यात आणली. येन्सेनच्या संसारात मात्र मृत्यूने वारंवार घाला घातला. दुसरी पत्नी १९०७ साली गेली, तिसरी १९१८ साली. १९२० साली त्याने चौथे लग्न केले. इतक्या दुःखांतून द्राक्षांचे ते टवटवीत घोस कसे निघत राहिले, याचा उलगडा कोणी करून दिलेला नाही.

व्यापार भराभर वाढला. १९०९ साली बर्लिनमध्ये दुकान निघाले. १९१० साली ब्रुसेल्सच्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले. १९१५ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे मोठे प्रदर्शन भरले असता वृत्तपत्रांचा धनाढ्य मालक विल्यम रँडॉल्फ हर्स्ट याने येन्सेनची मांडलेली बहुतेक सर्व चांदी एकट्याने खरेदी केली, असे सांगतात. ज्याने गरिबीमुळे दागिने केले त्याच्या वस्तू आता लक्षाधीश गाड्या भरून नेऊ लागले. डॉक्टर-शिक्षकांच्या बायका कोठे राहिल्या, हा प्रश्न या टप्प्यावर मनात आल्यावाचून राहत नाही. हाताचे काम जितके प्रामाणिक तितके ते महाग, आणि जितके महाग तितके ते सामान्यांच्या घरापासून दूर. मॉरिसलाही ही अडचण सोडविता आली नव्हती व येन्सेनलाही आली नाही.

आता त्या नावाच्या कथेकडे वळावयाचे. मागणी वाढली की कारागीर वाढवावे लागतात, त्यांना पगार द्यावा लागतो, चांदीचा साठा करावा लागतो. येन्सेन हा हिशेबाचा माणूस नव्हता. १९१६ साली त्याच्या धंद्याची मंडळी, म्हणजे भागीदारांची कंपनी, झाली. पहिल्या महायुद्धानंतर भाव कोसळले आणि कंपनी संकटात आली. थोरोल्फ मोलर व पी. ए. पेडरसन यांसारख्या भांडवलदारांनी पैसा घालून ती वाचविली. पण पैशाबरोबर सत्ताही त्यांच्याकडे गेली. दारावर येन्सेनचे नाव, वस्तूंवर येन्सेनचा शिक्का, आणि आत येन्सेनच्या शब्दाला किंमत थोडी, अशी स्थिती झाली. ज्या माणसाने घडणावळीस धातूपेक्षा मोठे मोल आणून दिले, त्याच्याच हातून ते मोल निसटले.

१९२५ च्या सुमारास तो रुसून म्हणा की नव्या उमेदीने म्हणा, पॅरिसला गेला व तेथे त्याने आपली छोटी कर्मशाळा मांडली. साठीच्या उंबरठ्यावर पुन्हा पहिल्यापासून आरंभ! त्याच १९२५ सालच्या पॅरिसच्या प्रसिद्ध प्रदर्शनात त्याच्या नावाच्या कंपनीस सर्वोच्च पारितोषिक मिळाले, हा योगायोग मोठा बोचरा आहे. पॅरिसचा डाव साधला नाही. १९२६ साली तो कोपनहेगनला परतला आणि स्वतःच स्थापन केलेल्या कारखान्यात कलाविषयक सल्लागार म्हणून पुन्हा कामास लागला. मालक म्हणून नव्हे. २ ऑक्टोबर १९३५ रोजी, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, त्याचा अंत झाला. रोडेही त्याच वर्षी गेला. गेल्या तीनशे वर्षांतील सर्वांत मोठा चांदीचा कारागीर, असा त्याचा गौरव अमेरिकेतील एका वर्तमानपत्राने केला. ज्याने आयुष्याच्या ऐन उमेदीत शिल्पकार म्हणून ओळखले जाण्याची धडपड केली होती, त्याला शेवटी कीर्ती मिळाली ती त्याने चौदाव्या वर्षी शिकलेल्या धंद्याच्या नावाने.

नाव मात्र त्याच्यामागे चालतच राहिले, आणि कधीकधी मालकाला सोडूनही चालले. ओडेन्से गावचा कलावस्तूंचा व्यापारी फ्रेडरिक लुनिंग याने १९२४ साली न्यूयॉर्कमध्ये येन्सेनच्या चांदीचे दुकान थाटले होते. १९४० साली जर्मनीने डेन्मार्क व्यापला आणि माल येणे बंद पडले. तेव्हा लुनिंगने अमेरिकेतील कारागिरांकडून माल करवून तो येन्सेनच्याच नावाने विकला. कोपनहेगनच्या मंडळींना हे रुचले नाही हे सांगावयास नकोच. तरी याच लुनिंगच्या नावे १९५१ पासून १९७० पर्यंत उत्तरेकडील तरुण कलाकारांना पारितोषिक दिले गेले, आणि ते मिळविणाऱ्यांत येन्सेनच्या कारखान्याचा हेनिंग कोपेल होता व स्वीडनची विव्हियाना टोरुन ब्यूलो-ह्यूबे ही बाईही होती. टोरुनने १९६२ साली पॅरिसमधील एका प्रदर्शनासाठी हातात घालावयाचे एक घड्याळ केले. दिसावयास ते मोकळ्या तोंडाचे कडे. तबकडीच्या जागी आरसा आणि त्यावर एकही आकडा नाही. आपल्या पाटलीबांगडीच्या जातीचे हे घड्याळ येन्सेनच्या कारखान्याने १९६७ पासून विकावयास काढले. मूळ कारागीर जाऊन तीस वर्षे लोटली होती, तरी दुकानात चांदी वजनावर विकली जात नव्हती.

तो कारखाना पुढे अनेक हातांतून गेला. १९७२ साली तो चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या रॉयल कोपनहेगन या कंपनीकडे आला. २०१२ साली एका गुंतवणूक कंपनीने तो घेतला. आणि २०२३ साली तो फिनलंडच्या फिस्कार्स या कंपनीने खरेदी केला. ही फिस्कार्स कंपनी १६४९ साली लोखंडाची भट्टी म्हणून सुरू झाली. नारिंगी मुठीच्या तिच्या कात्र्या शिवणकाम करणाऱ्या पुष्कळ स्त्रियांना ठाऊक असतील. रॉडवाडच्या कारखान्यात पाती घासणाऱ्या कामगाराच्या मुलाचे नाव आज सुऱ्याकात्र्यांच्या त्या जुन्या धंद्याच्या वहीत जमा आहे.